अपस्मार आणि राखण : शहापूर-मुरबाडकडील एक टिपण

शहापूर व मुरबाड हे ठाणें जिल्ह्यांतील दोन तालुके इतिहासाच्या अभ्यासकांस अपरिचित नाहींत. शहापुरानजीकचा माहुली किल्ला इ. स. १६३६ मधील प्रसंगामुळें सर्वांच्या ध्यानांत आहे; निजामशाहीचा बालवारस जवळ घेऊन शहाजीराजे येथेंच वेढ्यांत सांपडले व येथेंच त्यांस तह करावा लागला. मुरबाडाकडून नाणेघाट चढून गेलें म्हणजे माथ्याजवळच्या लेण्यांत सातवाहनांचा शिलालेख दृष्टीस पडतो. या किल्ल्यावर व या लेखावर विद्वानांनीं पुष्कळ लिहिलें आहे. प्रस्तुत टिपणांत त्यांपैकीं कशाचाच विचार नाहीं. ज्यास अपस्माराचे झटके वारंवार येतात असें मूल घरांत असतां आईबाप त्याची राखण कशी करितात, व त्या राखणीशीं आपल्या जुन्या वैद्यकग्रंथांचें नातें काय, एवढाच प्रश्न येथें घेतला आहे. हा विषय इतिहासाचा नव्हे, असें कोणी म्हणेल. परंतु पोथींत लिहिलेलें आणि घरांत आचरिलेलें यांचा संबंध कोणत्या वाटेनें जुळला, हा प्रश्न इतिहासाचाच होय असें आम्हांस वाटतें.

प्रथम शब्दाचा विचार करूं. 'स्मार' म्हणजे स्मरण; त्याचा अपगम तो अपस्मार. चरकसंहितेंत या व्याधीस दोन अध्याय दिले आहेत. निदानस्थानाचा आठवा आणि चिकित्सास्थानाचा दहावा. सुश्रुताच्या उत्तरतंत्रांत एकसष्टावा अध्याय व वाग्भटाच्या अष्टांगहृदयांतील उत्तरस्थानाचा सातवा अध्याय याच विषयाचे आहेत. वातज, पित्तज, कफज आणि सान्निपातिक असे चार प्रकार सर्वांस मान्य असून शेवटचा असाध्य मानिला आहे. लोकांच्या तोंडीं मात्र अपस्मार हा शब्द क्वचितच येतो. ते फेफरें म्हणतात, मिरगी म्हणतात. तान्ह्या मुलास आलेली ती आंकडी. आणि दवाखान्याचा संबंध आल्यापासून 'फीट' हा शब्द खेड्यापाड्यांतून सर्वत्र रूढ झाला आहे.

या रोगाचें सर्वांत दुःसह लक्षण म्हणजे त्याचा मधला काळ. मूल खातें, खेळतें, शाळेंत जातें. आणि मग एका क्षणीं पडतें. पुढचा झटका केव्हां येईल हें कोणासही सांगतां येत नाहीं. चरकानें पंधरा दिवसांनीं, बारा दिवसांनीं किंवा महिन्यानें वेग येतो असें नमूद केलें आहे व रोग चिरकारी, मूळ धरून बसणारा आणि दुश्चिकित्स्य आहे हेंही स्पष्ट सांगितलें आहे. सुश्रुतानें तर शंकाच उपस्थित केली आहे कीं, दोष शरीरांत असतांना रोग मधून मधून नाहींसा कां होतो? त्याचें उत्तर त्यानें शेतकऱ्यास पटेल अशा दृष्टांतानें दिलें. पाऊस पडत असतांही जमिनींतील कांहीं बीजें तेव्हां उगवत नाहींत, तीं शरदांत उगवतात; तसाच हा व्याधि. भातशेतीच्या मुलखांत राहणाऱ्या आईबापांस हें उत्तर समजावून सांगावें लागत नाहीं. बीज मातींत आहे हें त्यांस ठाऊक असतें. दिवस तेवढा ठाऊक नसतो.

आतां मुख्य मुद्द्याकडे वळूं. बालकांच्या अपस्माराविषयीं आपल्या ग्रंथांत दोन निरनिराळे प्रवाह आढळतात व ते एकत्र मिसळल्यानें बराच घोटाळा झाला आहे.

पहिला प्रवाह ग्रहबाधेचा. सुश्रुताच्या उत्तरतंत्रांत सत्ताविसाव्या अध्यायापासून नऊ बालग्रह वर्णिले आहेत. त्यांतील स्कंदापस्मार हा स्कंदाचा प्रिय सखा असून त्यासच विशाख असें नांव आहे. या ग्रहानें धरलेलें बालक निःसंज्ञ होतें, पुन्हां सावध होतें, हातपाय नाचविल्यासारखे झाडतें व तोंडावाटे फेस टाकतें, असें तेथें म्हटलें आहे. निरीक्षण इतकें अचूक आहे कीं, लिहिणाऱ्यानें अशीं मुलें जवळून पाहिलीं होतीं याविषयीं संशय राहत नाहीं. पण ग्रह मुलास कां धरतो, याचें जें कारण तेथें दिलें आहे तें वाचून मन थबकतें. धात्री आणि माता यांच्या हातून झालेला अपचार, शौचाचा व मंगलाचाराचा लोप, हें तें कारण. नेपाळांत मिळालेल्या त्रुटित हस्तलिखितावरून इ. स. १९३८ मध्यें मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यानें काश्यपसंहिता प्रसिद्ध केली. कौमारभृत्याच्या या थोर ग्रंथांतही रेवतीकल्पांत तोच सूर आहे. धर्म सोडलेल्या स्त्रीस जातहारिणी गांठते आणि तिचें अपत्य हरण करते. तात्पर्य, मूल आजारी व दोष आईचा.

दुसरा प्रवाह राखणीचा. चरकानें चिकित्सास्थानांतील अपस्माराचा अध्याय संपवितांना घृतें, तैलें, अंजनें व धूपनें हीं सर्व सांगून झाल्यावर एक साधी आज्ञा केली आहे. पाणी, अग्नि, वृक्ष, पर्वत आणि विषम जागा यांपासून अपस्मारी व उन्मादी यांचें सदैव रक्षण करावें, कारण या गोष्टी तत्काळ प्राण घेणाऱ्या आहेत. वाग्भटानेंही अग्नि, जल व विषम स्थान यांपासून रोग्यास सांभाळावें असें सांगितलें आणि त्यापुढें एक गोष्ट अधिक घातली. ती अशी कीं, मनोविकारांतून मोकळ्या झालेल्या माणसास 'तूं असें असें केलेंस' हें सांगूं नये. त्याचें क्लेश पावलेलें चित्त त्याला आवडणाऱ्या विषयांनीं पुष्ट करावें. या दोन आज्ञांत औषध नाहीं, मंत्र नाहीं, खर्च नाहीं. आणि त्या वैद्यास उद्देशून असल्या तरी वैद्याच्यानें पाळल्या जाणाऱ्या नाहींत. रात्रंदिवस जवळ असणारा जो कोणी असेल त्यालाच त्या पाळतां येतील. म्हणजे ग्रंथकाराच्या दृष्टीसमोर येथें रोग्याच्या उशाशीं बसलेलें माणूस आहे. त्याचा नामनिर्देश मात्र कोठेंही नाहीं.

या दोन प्रवाहांपैकीं खेड्यांत पोंचला कोणता? पहिला पोंचला, व तो भरपूर पोंचला, याचा लेखी पुरावा आहे. नाशिकचे कलेक्टर जॅक्सन यांनीं मुंबई इलाख्यांतील शाळामास्तरांकडे प्रश्नावली पाठवून लोकाचाराची माहिती मागविली होती. १९०९ च्या डिसेंबरांत त्यांचा वध झाल्यावर तें काम एन्थोव्हेन यांनीं हातीं घेतलें व कोंकणाचा भाग १९१५ सालीं प्रसिद्ध केला. त्यांत ठाणें जिल्ह्यांतील शाळामास्तरांचीं उत्तरें आहेत. उत्तर देणाऱ्याचें नांव नाहीं, केवळ 'शाळामास्तर' व गांवाचें नांव, एवढीच तळटीप. आम्ही त्याच पेशांतले असल्यामुळें तें पुस्तक वाचतांना त्या अनामिक सहकाऱ्यांविषयीं आपलेपणा वाटल्यावांचून राहिला नाहीं. वेताळ, मुंजा, खवीस, झोटिंग, हडळ, गिरा असे भुतांचे प्रकार, भगताचे उपाय, उतारे, रोगांच्या देवता, सर्व कांहीं त्यांनीं मन लावून लिहून पाठविलें. विचारलें तें त्यांनीं सांगितलें. पण झटका येणारें मूल घरीं कसें सांभाळतात, त्याच्याजवळ रात्रीं कोण निजतें, हें त्यांस कोणी विचारलें नव्हतें. म्हणून तें कागदावर आलें नाहीं.

दुसरा प्रवाह कागदावर नाहीं तर कोठें आहे, हें पाहण्यास या दोन तालुक्यांचा मुलूखच डोळ्यांसमोर आणला पाहिजे. चरकाची यादी येथें जशीच्या तशी लागू पडते. पाण्याचें म्हणाल तर तानसा, भातसा व वैतरणा यांचे जलाशय मुंबईची तहान याच भागांतून भागवितात, आणि त्याच भागांतील पाड्यांवरच्या बाया उन्हाळ्यांत तळ गांठलेल्या विहिरींत उतरून हंडे भरतात. पुष्कळ विहिरींस कठडा नाहीं. अग्नि तर घरोघर तीन दगडांच्या चुलींत आहे; शिवाय भाताचीं रोपें टाकण्यापूर्वीं शेण, पालापाचोळा, कवळें व गवत अंथरून राब भाजण्याची चाल आहे, तिचें वर्णन १८८२ च्या ठाणें गॅझेटियरांतही सांपडतें. वृक्षांचें कारण तेंच. राबासाठीं ऐनाच्या झाडावर चढून फांद्या छाटाव्या लागतात. पर्वत म्हणावेत तर माहुली, सिद्धगड, गोरखगड व माळशेजचा कडा. पोरें गुरें घेऊन त्यांच्या उतारावर जातात. आणि विषम जागा म्हणजे पावसाळ्यांत शेतांचे निसरडे बांध व भरून वाहणारे ओहळ. ज्या घरांत असें मूल आहे त्या घरच्या आईस या यादींतील प्रत्येक पद रोज भेटतें. ती चूल पेटवते तेव्हां मूल तिच्या पाठीमागें नसून समोर असावें लागतें. ती पाण्यास जाते तेव्हां कोणीतरी दुसरें घरांत असावें लागतें. आणि लावणीच्या दिवसांत दुसरें कोणी घरांत नसतें.

येथें आमच्या स्वतःच्या अनुभवांतील एक प्रसंग सांगणें प्राप्त आहे. त्यांतील दोष सर्वस्वीं आमचा आहे. सुमारें ३५ वर्षांपूर्वीं आम्ही मुरबाड तालुक्यांतील एका शाळेंत संस्कृत शिकवीत होतों. आठवीच्या वर्गांत एक शेतकऱ्याचा मुलगा होता. त्याचा बाप त्यास रोज हात धरून शाळेंत पोंचवी व शाळा सुटण्यापूर्वीं येऊन फाटकाशीं उभा राही. एवढा मोठा मुलगा आणि बाप हात धरून आणतो, याचें वर्गास हसूं येई. कारण आम्हीं कधीं विचारलें नाहीं. एके दिवशीं रूपें म्हणून दाखवितांना मुलगा ओरडून खालीं पडला. मुलांपैकीं कोणी कांदा आणावयास धांवला, कोणी वहाण नाकाशीं धरली. आम्हीं स्वतः खिशांतली किल्ली त्याच्या मुठींत कोंबली व दोघां मुलांकडून त्याचे हातपाय दाबून धरविले. थोड्या वेळानें तो सावध झाला. तेव्हां सर्व वर्गादेखत आम्ही त्यास म्हणालों, "अरे, हें काय केलेंस तूं?" मुलगा आमच्याकडे नुसता पाहत राहिला. दुसऱ्या दिवसापासून तो शाळेंत आला नाहीं.

आठवड्यानें आम्ही त्याच्या घरीं गेलों. बाप शेतावर होता. आई अंगणांत भात पाखडीत होती व मुलगा तिच्या समोरच्या खाटेवर निजला होता. आम्हीं शाळेचा विषय काढला. तिनें आमच्यावर राग केला नाहीं. ती एवढेंच म्हणाली, "गुरुजी, उठल्यावर त्याला इचारूं नका, काय केलंस म्हनून. त्याला ठावं नसतंय. पुरता सुधींत आला का पानी द्या, आन् नांवानं हांक मारा. मग त्याची गाय कशी हाय तें इचारा. गाईचं इचारलं का हसतोय."

ही बाई निरक्षर होती. त्यानंतर बऱ्याच वर्षांनीं जुन्या पोथ्यांची यादी करण्याच्या कामीं अष्टांगहृदयाचें एक हस्तलिखित आमच्या हातीं आलें, व उत्तरस्थानाचा सातवा अध्याय चाळतांना वाग्भटाची वर सांगितलेली आज्ञा दृष्टीस पडली. 'तूं असें केलेंस' हें सांगूं नये. आवडत्या विषयांनीं चित्त पुष्ट करावें. गाईचें विचारावें. संस्कृताचा अध्यापक म्हणून ज्याचा उभा जन्म गेला त्यास जें माहीत नव्हतें तें भात पाखडणाऱ्या बाईनें त्यास सांगितलें होतें, आणि शब्द सोडले तर दोघांत कांहींच अंतर नव्हतें.

येथें संशोधकांनीं एक प्रश्न विचारणें योग्य होईल. ही आज्ञा वाग्भटापासून वैद्यांत, वैद्यांकडून कीर्तनकारांत व तेथून लोकांत अशी झिरपत आली असेल काय? तसें मानण्यास आमच्यापाशीं कांहीं आधार नाहीं, आणि तसें मानण्याची गरजही दिसत नाहीं. उलट क्रम अधिक संभवनीय वाटतो. औषधी वनस्पतींचें ज्ञान शेळ्या-मेंढ्या व गुरें राखणाऱ्यांपासून आणि वनवासी लोकांपासून घ्यावें, हें चरक व सुश्रुत या दोघांनींही मोकळेपणानें सांगितलें आहे. जे ग्रंथकार गुराख्याकडून झाडपाला शिकले ते आईकडून शुश्रूषा शिकले असतील, यांत नवल तें काय? गुराख्याचें ऋण त्यांनीं नोंदविलें, आईचें नोंदवावयाचें राहून गेलें. अपस्मारी मुलास पाण्यापासून व अग्नीपासून राखावें हें प्रथम कोणा ऋषीस सुचलें असें म्हणण्यापेक्षां, ज्या आयांचीं मुलें चुलींत पडलीं त्यांच्याकडून तें ऋषीस कळलें असें म्हणणें अधिक सयुक्तिक आहे.

त्या मुलाच्या बापाकडेही एक लेखी साधन होतें व त्याचा उल्लेख आमच्या वाचकांपुढें अवश्य केला पाहिजे. भिंतीवर लावण्याच्या दिनदर्शिकेंत ज्या तारखेस झटका येई त्या तारखेवर तो कोळशानें फुली करी. रात्रीं आला तर फुलीभोंवतीं वर्तुळ. अशा सहा वर्षांच्या दिनदर्शिका त्यानें सुतळीनें बांधून ठेविल्या होत्या. अमावास्या-पौर्णिमेस झटके येतात असें गांवांत सर्व म्हणत व तोही म्हणे. आम्ही दोघांनीं बसून फुल्या मोजल्या, तेव्हां तिथींचा कांहींच मेळ दिसला नाहीं. फुल्यांची गर्दी होती ती तापाच्या दिवसांत, जत्रेच्या जागरणानंतर, आणि ज्या आठवड्यांत गोळ्या संपल्या होत्या त्या आठवड्यांत. तो बराच वेळ बोलला नाहीं. मग म्हणाला, "म्हंजे चंद्राचा दोष न्हाई, गोळीचा हाय." त्यानंतर गोळ्या संपण्याच्या आठ दिवस आधीं तो तालुक्यास जाऊं लागला.

त्या गोळीचाही इतिहास थोडक्यांत सांगितला पाहिजे. इ. स. १८५७ मध्यें इंग्लंडांत ब्रोमाइडाचा उपयोग प्रथम सांगितला गेला. १९१२ सालीं जर्मनींत हाउप्टमान यानें फेनोबार्बिटालचा गुण दाखविला. आणि ज्या १९३८ सालीं निर्णयसागरांतून काश्यपसंहिता बाहेर पडली त्याच सालीं अमेरिकेंत मेरिट व पटनम यांनीं फेनिटॉइनचा शोध जाहीर केला. मेंदूंतील विद्युत्प्रवाहाची नोंद करण्याचें यंत्र बर्गरनें १९२९ सालीं जगापुढें आणलें, व झटका म्हणजे मेंदूंतील पेशींचा एकाएकीं उसळलेला विद्युत्क्षोभ होय हें त्यामुळें डोळ्यांस दिसूं लागलें. जन्मवेळीं गुदमरणें, मेंदूस झालेला संसर्ग किंवा दुखापत, अशीं त्याचीं अनेक कारणें आहेत; पुष्कळदां कारण सांपडतही नाहीं; पण मातेचा अपचार त्यांत कोठेंही नाहीं. जगांत सुमारें पांच कोटि लोकांस हा विकार आहे, व योग्य औषध नियमानें मिळाल्यास त्यांपैकीं शेंकडा ७० पर्यंत लोक झटक्यांपासून मुक्त राहूं शकतील, असें जागतिक आरोग्य संघटनेचें म्हणणें आहे. झटक्याच्या वेळीं करावयाचें तें अगदीं थोडें : भोंवतालच्या टोंचणाऱ्या व तापलेल्या वस्तु दूर कराव्या, डोक्याखालीं मऊ कांहीं द्यावें, माणसास कुशीवर वळवावें, तोंडांत कांहीं घालूं नये, हातपाय दाबूं नयेत, आणि पांच मिनिटांत झटका न थांबल्यास दवाखाना गांठावा. कांदा, वहाण व किल्ली यांचा उपयोग नाहीं. झटका आपण होऊन थांबतो, आणि श्रेय किल्लीस मिळतें.

शेंकडा ७० चा हिशेब खरा असला तरी उरलेले ३० कोणाच्या तरी घरांत असतातच. तो मुलगा त्यांपैकीं निघाला. औषधानें फुल्या विरळ झाल्या, पण थांबल्या नाहींत. आज तो चाळिशी उलटलेला गृहस्थ आहे. गुरें राखतो, पण विहिरीवर एकटा जात नाहीं. त्याचें लग्न झालें नाहीं. हिंदु विवाहाच्या कायद्यांत १९७६ च्या दुरुस्तीनें अपस्माराचे वारंवार येणारे झटके ही विवाहास बाध आणणारी गोष्ट ठरली होती व १९९९ सालीं ती काढून टाकण्यांत आली. कायद्यांतून शब्द गेला, गांवांतून गेला नाहीं. बाप वारला. आई आतां सत्तरीच्या पुढें आहे व तिला डोळ्यांनीं कमी दिसतें. गेल्या खेपेस भेटलों तेव्हां तिनें आम्हांस एकच विचारलें कीं, मी गेल्यावर याला नांवानें हांक कोण मारील? आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. चरकानें 'सदैव रक्षावें' असें म्हटलें आहे. रक्षणारा थकल्यावर काय करावें, हें ग्रंथांत नाहीं.

शेवटीं संग्राहक बंधूंस एक विनंति. आपल्यापैकीं पुष्कळांच्या दप्तरांत घरगुती औषधांचीं बाडें असतील. त्यांतील योगांची यादी आपण करतां. यापुढें त्यांच्या समासांतील नोंदीही पाहाव्या. फेफरें असलेल्या मुलाजवळ रात्रीं कोणी निजावें, त्यास कोणत्या कामास लावावें, झटक्यानंतर काय बोलावें, काय बोलूं नये, असें एखादें वाक्य मोडींत कोणी लिहून ठेविलें असेल तर त्याची नक्कल मंडळाकडे पाठवावी. तसेंच एखाद्या घरीं फुल्या केलेल्या जुन्या दिनदर्शिका रद्दींत निघाल्यास, घरच्यांची संमति घेऊन व नांवें झांकून, त्या जपून ठेवाव्या. वर सांगितलेल्या दिनदर्शिकांचा जुडगा त्या बाईनें आम्हांस दिला आहे. चंद्र आणि फुली यांचा मेळ नाहीं, हें त्यावरून कोणासही पडताळून पाहतां येईल.